पितळी घागरीतली फांदी

खिडकीत बायकी पुतळा एक, पुरुषी पुतळा एक. बायकी पुतळ्याच्या अंगावर कोऱ्या रेशमाचा पांढरा लेहंगा. त्याचा घेर फरशीवर पसरून बांबूच्या दोन ट्रेंना टेकलेला. ट्रेंमध्ये तुतीचा पाला आणि तीनशे अळ्या. त्या मी दहा-दहाच्या हिशेबानं स्वतः मोजून सोडल्या होत्या. पुरुषी पुतळ्याला तपकिरी बंदगळा आणि त्याच्या शेजारी पितळी घागर. घागरीत तुतीच्या सात फांद्या, नुसत्या शोभेच्या. ट्रेपासून अडीच मीटर लांब, मधे गुळगुळीत फरशी. छतात अकरा दिवे, त्यांतले पाच माझ्या सांगण्यावरून बंद. एसीची एक जाळी. भिंतीत खाली प्लगच्या दोन जागा, दोन्ही रिकाम्या. मागच्या भिंतीवर माझ्या काकूंचा फोटो, पुतळ्यांहून हातभर उंच, आणि त्याखाली दोन नावं, मधे फुली: कृष्णराज × दैवशाला.

शनिवारी संध्याकाळी मी धाराशिवच्या त्या शोरूममधून निघाले तेव्हा खिडकीत एवढंच होतं.

दैवशाला या माझ्या काकू. बेंबळीत त्यांचं चॉकी केंद्र आहे. रेशमाची अळी अंड्यातून निघते तेव्हा मुंगीपेक्षा बारीक असते आणि पहिले काही दिवस तिला जराही चूक चालत नाही. तेवढे दिवस काकू तिला धुतलेल्या, बंद खोलीत सांभाळतात. दुसरी कात टाकली की या पिल्लांचं वाटप होतं आणि लोक आपापल्या शेडमध्ये त्यांना मोठं करून कोष काढतात. काकूही थोड्या अळ्या स्वतःच्या शेडमध्ये मोठ्या करतात; खिडकीतल्या तीनशे त्यांतल्याच. गावातली अठरा घरं काकूंकडून पिल्लं नेतात. चॉकीतच रोग असेल तर अठराही शेडं बसतात, अख्खं पीक जातं, त्यामुळं हे काम निव्वळ विश्वासावर चालतं. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गेल्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली आहे.

शोरूमचा मालक रणधीर काकूंच्या माहेरचा, तामलवाडीचा. सख्खा नव्हे, भावकीतला, पण लहानपणापासून त्यांना आक्का म्हणत आलेला. आधी त्याचं साध्या साड्यांचं दुकान होतं. यंदा त्यानं बायपासला तीन मजली काचेचं शोरूम बांधलं आणि उद्घाटनासाठी मुंबईच्या कृष्णराज नावाच्या डिझायनरशी कोलॅबरेशन केलं. कृष्णराजची कल्पना अशी, की नवरीचा लेहंगा खिडकीत उभा करायचा, त्याच्यावर अळ्या चढवायच्या आणि लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांनी त्यावर रेशीम विणायचं. तो याला 'जिवंत भरतकाम' म्हणत होता.

"आक्का, तुझं नाव लागंल," रणधीर बेंबळीला येऊन म्हणाला होता. "मुंबईच्या माणसाच्या बरुबर."

"नावाचं काय लोणचं घालू? अळी जगंल का तिथं, ते सांग."

"एसी हाय आक्का. तुझ्या शेडपेक्षा गार."

माहेरच्या माणसाला काकूंना नाही म्हणता येत नाही. त्यांनी अटी तेवढ्या घातल्या: धूर नाही, अत्तर नाही, फवारा नाही, आणि विणून झालं की माझ्या अळ्या मला परत. रणधीरनं तुळजाभवानीची आण घेतली. मलाही त्या प्रकाराचं कुतूहल होतं. सपाट कापडावर ठेवली तर अळी कोष न करता पसरट विणते, हे मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.

मग फोटो काढायला माणसं आली. त्यांनी काकूंना नऊवारी नेसवली, कधी न घातलेली नथ घातली आणि अळ्या हातात देण्याआधी त्यांच्या दोन्ही हातांना माती फासली. "थोडं रॉ दिसलं पाहिजे," कॅमेरावाला म्हणाला. काकू अळीला हात लावण्याआधी साबणानं आणि मग ब्लीचिंगच्या पाण्यानं हात धुतात. बोटांच्या बेचक्यांत पांढरे चट्टे पडलेत त्यांच्या. फोटो झाल्यावर मातीच्या हातांत घेतलेल्या अळ्या त्यांनी परत रॅकवर ठेवल्या नाहीत, कोंबड्यांना टाकल्या.

शनिवारी खिडकीचा फोटो मी गावाकडं पाठवला. दुसऱ्या गल्लीतल्या धुरपदाबाई, म्हणजे काकूंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, तो बघायला आल्या होत्या म्हणे.

"दैवशाला, तुज्या नावापशी फुली कशाला मारली गं? नापास झालीस का काय?"

"गुणाकाराची हाय म्हणं ती, मावशी."

"आगं, पर कुणाला कुणानं गुणायलेत?"

रविवारी सकाळी ताजा पाला घेऊन मी शोरूमवर गेले. आत गुलाबाचा आणि आइस्क्रीमसारखा गोड वास होता, म्हणजे अत्तराची अट मोडली होती. मी खिडकीच्या मागच्या दारातून आत गेले.

पिकलेली अळी वर चढते. पण चढताना ती सावकाश असते, डोकं उचलते, बाजूला नेते, पुन्हा आणते, जागा शोधते. या अळ्या तशा चढलेल्या नव्हत्या. या वाट फुटेल तिकडं पळालेल्या होत्या. काही कमरेच्या पट्ट्यापर्यंत पोहोचल्या होत्या, एक पुतळ्याच्या हनुवटीखाली होती. त्या डोकी झटकत होत्या, अंग पिळत होत्या आणि ओकत होत्या. हिरवं, पातळ, चिकट पाणी. कमरेपासून घेरापर्यंत त्याचे ओघळ उतरले होते, कडेला सुकून तपकिरी झालेले. ज्या खाली पडल्या होत्या त्या आखडून निम्म्या झाल्या होत्या. कापलेल्या गवताला आंबट चढल्यावर येतो तसा वास होता आणि त्यावर ते गुलाबाचं अत्तर.

मी पुन्हा मोजलं. पुतळे दोन. ट्रे दोन. घागर एक, फांद्या सात. दिवे अकराच्या अकरा चालू. प्लगच्या दोन जागा, दोन्हींत डास मारायची यंत्रं, लाल दिवा लागलेली. हात लावला तर दोन्ही गरम होती.

मी ती उपटली. डासाला मारायला जेवढं औषध लागतं त्याच्या कितीतरी कमी रेशमाच्या अळीला पुरतं. दोन्ही किडेच आहेत. फरक इतकाच, की अळीला पंख नाहीत आणि खिडकी बंद होती.

"मामा, हे कुणी लावलं?"

रणधीर शेरवानी घालून आला होता, पायात अजून स्लीपर. "मच्छर लई झालते गं, अयोध्या. तुज्या त्या पाल्यानंच आले आसतील. रात्री कृष्णराज सरांच्या पायाला चावले. म्हणलं उद्या फीत कापायला आण्णासाहेब येणार, त्यांना चावायला नकोत."

"तुम्ही फवारा नाही म्हणून आण घेतली होती."

"मग फवारा कुठाय? मशीन हाय ती. वासबी येत न्हाय तिचा."

तो खोटं बोलत नव्हता. वास येत नाही म्हणजे काही नाही, असं त्याला खरंच वाटत होतं. मी अळ्या उचलायला वाकले. त्या वाचणार नव्हत्या, पण निदान काचेच्या आड तशा पडू नयेत एवढंच माझ्या मनात होतं.

"थांबा, थांबा. हात लावू नका."

कृष्णराज मागं उभा होता. काळा कुर्ता, हातात कॉफीचा कप, पायाच्या घोट्यावर डासांनी चावल्याचे तीन फोड. त्यानं कप रणधीरच्या हातात दिला, गुडघ्यावर बसला आणि लेहंग्यावरच्या एका ओल्या ओघळाला बोट लावलं. ते अंगठ्यावर चोळलं. वास घेतला.

"हा हिरवा," तो म्हणाला, "कुठल्याच डायमध्ये मिळत नाही."

"ओकारी आहे ती," मी म्हणाले. "त्यांच्या आतड्यातली."

"एक्झॅक्टली."

"मरतायत त्या."

"विणून झाल्यावर काय होणार होतं?" तो वर न बघता म्हणाला. "तुम्ही कोष उकळायला देता ना? मग?"

काकूंचे कोष शेवटी धागा काढणाऱ्याच्या उकळत्या पाण्यातच जातात. काहीतरी फरक आहे म्हणून मी तोंड उघडलं, तोवर तो फोटोग्राफरला दिवे कुठून मारायचे ते सांगत होता. "ओघळावर. चेहरा नको, पुतळ्याच्या चेहऱ्यात काही नाही."

अकराचा मुहूर्त होता. आण्णासाहेब दोन वाजता आले. फीत कापली, तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची लांब माळ रस्त्यावर पेटवली आणि धूर काचेवर आदळला. तोपर्यंत आतल्या बहुतेक अळ्या हलायच्या थांबल्या होत्या. ज्या हलत होत्या त्या बघायला गर्दी काचेला नाकं लावून उभी होती.

"आगं बया, वकायल्यात की गं ह्या!"

"गप की. डिझाइन हाय ती."

"डिझाइन वकती व्हय?"

एकजण पाठ काचेकडं करून, मागं लेहंगा येईल असा फोन धरून नाचत होता. आण्णासाहेबांची सून काचेसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "मला ह्योच पायजे. आसाच, डागासकट." कृष्णराजनं तिला दोन्ही हात जोडले. दुसऱ्या कुणाकडं असा होणार नाही, हे तिला तो तीनदा सांगत होता. ते खरंच होतं.

गर्दीतल्या एका माणसानं रणधीरपुढं फोन धरला. "शेठ, अळ्यांना काय झालंय? मेल्या का काय?"

रणधीरनं एकदा खिडकीकडं पाहिलं. काकूंच्या फोटोकडं पाहिलं. मग फोनकडं तोंड केलं.

"आमच्याकडं समदं स्वच्छ हाय. एसी, काच, तुमी बगायलाच की. बेंबळीहून आल्या तवाच आजारी आसतील. रोग आसतोय त्यांच्यात."

मी मागून खोटं, खोटं म्हणून ओरडले. नंतर तो व्हिडिओ मी लक्ष देऊन ऐकला. त्यात माझा आवाज नाही, फटाक्यांच्या दुसऱ्या माळेचा आहे.

गर्दी सरल्यावर नोकरांनी फरशीवरच्या अळ्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढल्या. नळीत त्या जाताना होणारा आवाज मला सांगता येणार नाही. लेहंग्याला चिकटलेल्या मात्र तशाच ठेवल्या, सरांनी सांगितलं म्हणून. त्यांच्यावर पारदर्शक लॅकर मारायचं ठरलं होतं.

ट्रेमधला पाला मी घेतला नाही. तो अळ्यांच्या ओकण्यानं भरलेला होता. त्यावरून काहीच ठरलं नसतं, रोग त्यातूनच गेला असं कुणीही म्हणालं असतं. मी पितळी घागरीपाशी गेले. त्या सात फांद्यांना एकही अळी शिवली नव्हती. पानं उलटीपालटी करून पाहिली. कुठं दातांची खूण नाही, लेंडी नाही, डाग नाही. अळ्या आणि त्या फांद्या, दोघांत एकच गोष्ट सारखी होती: रात्रभर त्याच खिडकीतली हवा.

"या फांद्या नेऊ का?"

"सगळ्या न्या," कृष्णराज म्हणाला. "कोमेजल्या आता."

मी तीन घेतल्या, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधल्या आणि गाडीच्या डिकीत टाकल्या. बेंबळीत शिरल्यावर घरी न जाता आधी वेशीजवळच्या मैत्रिणीकडं अंघोळ केली, तिचे कपडे घातले, माझे तिथंच भिजवले. त्या खिडकीतलं काही अंगावर घेऊन मला चॉकीच्या दारातसुद्धा जायचं नव्हतं.

व्हिडिओ माझ्याआधी पोहोचला होता. अंगणात सात-आठ बायका होत्या आणि धुरपदाबाई ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या. काकू चुन्याची पोती मागच्या खोलीतून बाहेर ओढत होत्या.

"दैवशाला, सहा वर्सं झाली, म्या दुसऱ्याच्या दारात गेले न्हाय," धुरपदाबाई म्हणत होत्या. "पर ह्यो व्हिडिओ बग. मंगळवारी तू पिल्लं देणार. ती माज्या शेडात आली आन बसली, तर म्या कुणाच्या नावानं रडू?"

"तुमचं बराबर हाय, मावशी."

"बराबर हाय काय? काय तरी बोल की."

"काय बोलू? उद्या दुपारी पुरते."

रोगाची शंका आली की पाळणाऱ्यानं आपल्या हातानं अळ्या चुन्यात पुरायच्या, हा नियम काकूंनीच गावाला लावला होता. गिरिजाबाईंची अख्खी बॅच त्यांनी अशीच पुरायला लावली होती. गिरिजाबाई वर्षभर बोलल्या नव्हत्या. आता खोलीत चार लाखांच्या वर पिल्लं होती, दुसऱ्या कातीला बसलेली. ती पुरली तर बेंबळीत यंदा कुणी काकूंच्या हातचं काही नेणार नव्हतं आणि पुढंही नेलं असतं की नाही, कोण जाणे. माहेरच्या माणसानं व्हिडिओत म्हणलेलं काकूंनी स्वतःच पुरून खरं केलं असतं.

"काकू, रोग नाही. विषानं मेल्या. डासांची मशीन लावली होती रात्रभर."

"तुला तसं वाटतंय, का म्हाईत हाय?"

"वाटतंय."

"वाटण्यावर मावशीचं शेड बसवू?"

"उद्या दुपारपर्यंत माहीत होईल," मी म्हणाले.

मग मी सांगितलं. ज्या बॅचमधून तीनशे नेल्या होत्या त्याच बॅचमधल्या चाळीस अळ्या घ्यायच्या, काकूंच्या शेडमधल्याच. वीस घरच्या पाल्यावर, वीस या फांद्यांच्या पाल्यावर. डबे सारखे, जागा एक, वेळ एक. बदल फक्त पाल्याचा. रोग असेल तर तो चाळिसांतही असेल आणि दोन्ही डब्यांत दिसेल.

"आन विष आसंल तर?" गिरिजाबाईंनी विचारलं. त्या मागं खांबाला टेकून होत्या, मला आत्ता दिसल्या.

"तर एकाच डब्यात."

काकू चुन्याच्या पोत्यावर बसल्या. "म्हंजी वीस मारायच्या."

"हो."

"दहात न्हाय भागत?"

"दहा मेल्या तर कुणीतरी योगायोग म्हणंल."

"चार लाखाला वीस," धुरपदाबाई म्हणाल्या. "काय म्हाग न्हाय."

"म्हाग न्हाय मावशी. पर मारायच्याच की."

त्या उठल्या, हात धुवायला गेल्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धुत राहिल्या. अळ्या निवडायला मी वाकले तेव्हा धुरपदाबाईंनी माझं मनगट धरलं.

"तू न्हाय. तू चांगल्या हिकडं टाकशील आन मरायला टेकलेल्या तिकडं. म्या काढते."

"काढा."

त्यांनी चाळीस काढल्या, एक या डब्यात, एक त्या डब्यात, न बघता, मान वळवून. डबे त्यांच्याच ओसरीच्या दोन टोकांना ठेवायचे ठरले. त्यांचं शेड रिकामं होतं आणि काकूंच्या चॉकीपासून दोन गल्ल्या लांब. मी पट्टीनं सगळ्या मोजल्या. दोन्हीकडं सरासरी लांबी सात सेंटिमीटर. घरचा पाला काकूंनी घातला. मी हातमोजे घालून दुसऱ्या टोकाला गेले, पिशव्यांच्या गाठी सोडल्या आणि घागरीतल्या फांद्यांची पानं तोडून अळ्यांवर पसरली.

त्यांनी लगेच खायला सुरुवात केली. दोन्ही टोकांना आवाज सारखाच येत होता, कोरडा, बारीक, सतत. त्यांना फरक कळत नव्हता. पान हिरवं होतं, थोडं कोमेजलेलं, वासही काही नव्हता. रणधीर बरोबर बोलला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कृष्णराज. माझे हात मोज्यांत होते, म्हणून मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीनं, वैष्णवीनं, तो स्पीकरवर लावला.

"अयोध्या, रिस्पॉन्स वेडा आहे. मुंबईचं स्टोअर हीच विंडो मागतंय, पुढच्या महिन्यात. तीनशे परत मिळतील का? पाचशे चालतील."

"विणायला?"

"नाही, नाही. विणणं नकोच, ते स्लो आहे. मला तो हिरवा पाहिजे. मशीन आमचे लोक लावतील, तुम्हाला काही बघायला नको."

वैष्णवीनं फोन माझ्या तोंडाजवळ आणला.

"म्हणजे मशीननं झालं, हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले.

"अर्थात. तुम्ही ती उपटलीत तेव्हा मी मागंच होतो. पण ते बाहेर कशाला? रणधीरचं नवीन दुकान आहे. आणि तुमच्या काकूंचं नाव आहे ना खाली, आम्ही मोठं करू. फोटो तोच ठेवू, मातीचे हात. तो फार चाललाय."

काकू फोनजवळ आल्या. त्यांना फोनवर मोठ्यानं बोलायची सवय आहे.

"साहेब, म्या दैवशाला."

"अरे वा! नमस्कार, नमस्कार."

"ती फुली पुसा. आन माझं नाव पुसा. एवढंच."

त्यांनी स्वतः बटण दाबलं. वैष्णवी माझ्याकडं बघायला लागली. "आता काय, संपलंच की. त्यानं स्वतःच कबूल केलं. काढा ते डबे."

मी दुसऱ्या डब्याकडं बघितलं. एकही अळी अजून डोकं झटकत नव्हती. पानं काढता आली असती.

"न्हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "आज ह्यो म्हणतोय मशीननं झालं, ते आमी मान्य करायचं. दुपारी त्यो रणधीर म्हणतोय रोग हाय, ते न्हाय करायचं. उद्या दोगं मिळून तिसरंच म्हणतील. बाकीच्या घरांला म्या काय सांगू, फोनवर आयकलं म्हणून? ऱ्हाऊ दे डबा."

कुणी काकूंकडं पाहिलं, कुणी माझ्याकडं. काकूंनी डब्याकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं घागरीतल्या पाल्यावरच्या एका अळीनं तोंड पानापासून उचललं आणि डोकं डावीकडं झटकलं. मग पुन्हा. तिच्या तोंडाशी हिरवा थेंब आला. गिरिजाबाईंनी पदर नाकाला लावला. काकू चपला घालून घराकडं निघाल्या. चॉकीच्या खोलीत पिल्लांना पाला टाकायची वेळ झाली होती. धुरपदाबाई ओसरीवर डब्यांच्या मधे अंथरूण टाकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू बी जा. कुणाला डब्याला हात लावू देणार न्हाय म्या. तुलाबी न्हाय."

सोमवारी सकाळी धुरपदाबाईंच्या ओसरीवर जागा उरली नव्हती. अठरा घरांतली बहुतेक माणसं आली होती. तिकडं काकूंच्या परसात खड्डा खणून झाला होता, त्यांनी पहाटेच माणूस लावला होता. चुन्याची पोती तिथं आणून ठेवली होती, तोंडं शिवलेलीच. काकू ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या, हात मांडीवर पालथे. आण्णासाहेबांच्या घरी लेहंगा पोहोचल्याचा फोटो कुणाच्या तरी फोनवर आला होता आणि तो एका हातातून दुसऱ्या हातात जात होता.

"ठिवा ते," धुरपदाबाई म्हणाल्या. "पोरी, मोज."

मी पट्टी पुसली आणि घरच्या पाल्याच्या टोकाकडून सुरुवात केली, मग दुसऱ्या टोकाला गेले. एकेक अळी चिमट्यानं सरळ केली. ज्यांना अजून ओल होती त्यांना दोनदा मोजलं.

घरचा पाला: अळ्या वीस, मेलेल्या शून्य, कोष धरलेल्या सात, उरलेल्या तेरांची सरासरी लांबी सहा पूर्णांक नऊ दशांश सेंटिमीटर. घागरीतला पाला: अळ्या वीस, मेलेल्या वीस, सरासरी लांबी चार पूर्णांक एक दशांश सेंटिमीटर.